फॉरमॅट मारण्याआधी एकदा वाचा : पुण्यातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांना खुलं पत्र

पुणे शहर आणि उपनगरांतल्या समस्त कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांना,

स. न. वि. वि.

मी नारायण पेठेत तेवीस वर्षं डीटीपी, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं जुळवायचं काम, करतोय. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, स्मरणिका आणि वर्षातून एकदा दोन दिवाळी अंक. माझं पोट तुमच्या जिवावर चालतं हे आधीच मान्य करतो. रात्री नऊ वाजता फोन केल्यावर स्कूटरला किक मारून आलेली तुमच्यातली माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे हे पत्र तक्रार म्हणून कमी आणि घरातल्या माणसाला चार शब्द सुनवावेत तसं जास्त आहे. चार शब्द मात्र ऐकावे लागतील.

गोष्ट यंदाच्या सप्टेंबरमधली. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, हे पडद्याच्या कोपऱ्यातून मला वर्षभर बजावलं जात होतं. माझं मशीन २०१८ चं, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह. विंडोज ११ ला, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलचे त्याआधीचे प्रोसेसर चालत नाहीत, म्हणजे माझं मशीन जेमतेम उंबरठ्याच्या आत. एक अंक छापखान्यात गेला होता, दुसऱ्याचे दहा फॉर्म, म्हणजे १६० पानं, अजून माझ्याकडे होती. अशा वेळी असल्या उठाठेवी करू नयेत हे मला कळतं. आई म्हणालीसुद्धा, ‘‘पितृपक्ष चालू आहे, नवीन काही करू नये रे.’’ मी म्हटलं, नवीन कुठे, जुन्यावरच चढवतोय.

बुधवारी रात्री अपग्रेड लावलं. तीन-चार वेळा मशीन आपलं आपण बंद-चालू झालं आणि साडेबाराला नवा पडदा आला. पेजमेकर, म्हणजे पानं जुळवायचं माझं सॉफ्टवेअर, उघडून पाहिला. (हो, अजून पेजमेकर. सातवी आवृत्ती, २००१ सालची. हसणाऱ्यांनी पेठांतल्या दहा डीटीपीवाल्यांकडे जाऊन यावं आणि मग हसावं.) फाँट जागेवर होते, डोंगलनं (सॉफ्टवेअरचा परवाना असलेली, मशीनला खोचायची किल्ली) ओळख दिली, अंकाचं पहिलं पान दिसलं. समाधानानं झोपलो.

दुसरा दिवस गुरुवार. पुण्यातला गुरुवार कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. पाणी नसतं, आणि कधी कधी दुरुस्तीसाठी वीजही नसते. त्या दिवशी दहा ते पाच वीज नव्हती. यूपीएस कोकलत बसतो म्हणून मी भिंतीवरचं बटण बंद केलं. यूपीएसही बंद केला आणि छापखान्यात प्रुफं घेऊन गेलो. संध्याकाळी येऊन मशीन लावलं तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. मी घाईत होतो. खाली एफ-वन दाबा असं होतं, मी एफ-वन दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं, टिंबांचं वर्तुळ फिरलं, आणि मग तो प्रसिद्ध मजकूर : अडचण आली आहे, मशीन पुन्हा सुरू करत आहोत. तळाशी बारीक अक्षरात ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. पुन्हा सुरू, पुन्हा तेच. चार वेळा.

आता मला सांगा, काल रात्री अपग्रेड आणि आज संध्याकाळी हे, तर कोणीही काय म्हणेल? मीही तेच म्हटलं. अपग्रेडनं घात केला. पितृपक्षातच कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, आणि मी सगळा दोष कावळ्याला दिला.

शुक्रवारी सकाळी कॉम्प्युटरचा डबा रिक्षात घालून तुमच्यातल्या एका दुकानात नेला. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हे एका दुकानाबद्दल नाहीच. काउंटरवरचा मुलगा चुणचुणीत होता. त्यानं वायरी लावल्या, बटण दाबलं. त्याच दोन ओळी आल्या. त्यानं पडद्याकडे न बघता एफ-वन दाबलं, जसं आपण दारात आलेल्या माणसाचं बोलणं संपायच्या आत दार लावतो. मग तो मजकूर. साडेतीन मिनिटांत निकाल लागला.

‘‘काका, विंडोज उडालीय. फॉरमॅट मारावं लागेल.’’

‘‘आणि आतलं?’’

‘‘बॅकअप असेल ना तुमचा?’’

अर्धा होता. कोणाचा पूर्ण असतो? अंकाची पानं पेनड्राइव्हवर होती, पण फाँट, की-बोर्डचे लेआउट, डोंगलचं जुनं सॉफ्टवेअर, ज्याची सीडी आता सीडी ड्राइव्हच नसल्यामुळे भिंतीवर शोभेला टांगायलाच उपयोगी, हे सगळं सी ड्राइव्हमध्ये. ज्यांनी मराठी डीटीपी केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या जुन्या फायली युनिकोडमधल्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीतल्या, नसतात. त्यात ‘क’ म्हणजे खरोखरचा ‘क’ नसतो. कुठल्या तरी रोमन अक्षराच्या जागी फाँटवाल्यानं ‘क’चं चित्र बसवलेलं असतं. फाँट गेला की एकशेसाठ पानांचं साहित्य मांजर की-बोर्डवरून चालत गेल्यासारखं दिसतं. मजकूर असतो, पण नसतो. त्यामुळे ‘डेटा काढून देतो आणि फॉरमॅट मारतो, पंधराशे होतील’ हे ऐकायला बरं वाटलं तरी माझ्या दृष्टीनं ते अर्धंच काम होतं.

मी म्हटलं, उद्या सांगतो. तपासणीचे दोनशे रुपये दिले आणि डबा परत आणला. त्या मुलानं बाजूचा पत्रा उघडला होता आणि स्क्रू नीट आवळले नव्हते. रिक्षातून उतरवताना पत्रा सरकला, आणि आतल्या बाजूला चिकटवलेली चिठ्ठी दिसली. फिकट पिवळा स्टिकर, बॉलपेननं लिहिलेला, अक्षर उजवीकडे कललेलं :

‘डिस्क बदलली. एसएसडी. बायोसमध्ये रेड होतं ते एएचसीआय केलं. बदलू नये. १२/३/२२’

(एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर. रेड आणि एएचसीआय हे डिस्कशी बोलायचे त्यातले दोन प्रकार.) ही चिठ्ठी ज्यांनी लिहिली ते गृहस्थ पूर्वी आमच्याच पेठेत जिन्याखाली बसून दुरुस्ती करायचे. आता धंदा सोडून नोकरीला लागलेत. फोन केला. त्यांनी मला विंडोजबद्दल एक शब्दही विचारला नाही. त्यांनी विचारलं, ‘‘बायोसमध्ये तारीख काय दाखवतंय?’’

बायोस कसं उघडायचं ते फोनवर सांगितलं, उघडलं. तारीख होती १ जानेवारी २०१८.

तुम्हाला कळलं असेल. इतरांसाठी थोडं उलगडतो, कारण हे पत्र गिऱ्हाईकंही वाचतील. मदरबोर्डवर एक नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२. नावातच माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. तीन व्होल्टचा. मशीनला भिंतीतून वीज मिळत असते तोवर त्याला काम नसतं. वीज पूर्ण तुटली की घड्याळ तो चालवतो, आणि बऱ्याच मशीनमध्ये बायोसच्या सेटिंगचीही राखण त्याच्याचकडे असते. माझा सेल संपत आला होता. माझं मशीन भिंतीवर कधी बंद होतच नसे, त्यामुळे कळलं नाही. त्या गुरुवारी मी भिंतीचं बटण, यूपीएस, सगळंच बंद केलं आणि सात तासांत सेलनं मान टाकली. बायोस आपल्या कारखान्यातल्या सेटिंगवर गेलं. काही कंपन्यांचे डबे कारखान्यातून डिस्कसाठी ‘रेड’ मोडवर येतात. माझाही तसाच होता. २०२२ मध्ये त्या गृहस्थांनी तो ‘एएचसीआय’वर ठेवून विंडोज टाकली होती. सेटिंग उलटलं तेव्हा विंडोजला स्वतःचीच डिस्क ओळखता येईना. घराचं कुलूप बदलल्यावर घरमालक दारात उभा राहावा, तशी गत. घर शाबूत, सामान शाबूत, माणूस शाबूत.

आणि त्या दोन ओळी, ज्या मी वाचल्या नाहीत आणि त्या मुलानंही वाचल्या नाहीत, त्या हेच सांगत होत्या. ‘टाइम ऑफ डे नॉट सेट. प्लीज रन सेटअप प्रोग्रॅम.’ घड्याळ लावलेलं नाही. मशीन स्वतःच्या तोंडानं सांगत होतं आणि आम्ही दोघं त्याला एफ-वन दाबून गप्प करत होतो. प्रूफ वाचणं हा माझा धंदा आहे. ऱ्हस्व-दीर्घाची चूक मला चार फुटांवरून दिसते. तरी दोन ओळी वाचल्या नाहीत. जुलैमध्ये एकदा वीज गेल्यावर घड्याळ मागे पडलेलं मी पाहिलं होतं, तेही इंटरनेट लागल्यावर बरोबर झालं म्हणून सोडून दिलं होतं. तेव्हा दोष एकट्या तुमच्या गळ्यात घालत नाही.

बाकी मग दहा मिनिटांचं काम. बायोसमध्ये जाऊन ‘एएचसीआय’ केलं, सेव्ह केलं, मशीन सुरू झालं. पेजमेकर, फाँट, अंक, सगळं जिथल्या तिथे. शनिवारी तपकीर गल्लीत जाऊन सेल आणला. दुकानदारानं जुना सेल मीटरला लावून दाखवला, २.१ व्होल्ट. नव्याचे चाळीस रुपये घेतले.

पंधराशे आणि चाळीस यांतला फरक मोजायला मी हे पत्र लिहिलेलं नाही. तुम्ही कॉम्प्युटर ‘चालू होत नाही’ हे वाक्य ऐकल्याबरोबर ‘फॉरमॅट’ म्हणता, त्याबद्दल लिहिलंय. चालू होत नाही ही काही एक तक्रार नव्हे. दिवाच लागत नाही, हे वेगळं दुखणं. तिथे भिंत, वायर, एसएमपीएस (आतली वीजपुरवठ्याची पेटी) तपासायची. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा, हे वेगळं. तिथे रॅम काढून सोनेरी टोकं खोडरबरानं पुसण्याचा तुमचा पिढीजात उपाय मी आदरानं पाहिला आहे आणि पावसाळ्यात तो लागू पडतो हेही पाहिलंय. कंपनीचं चिन्ह येऊन तिथेच गोठतं, टिंबं फिरत राहतात, लॉगिन होतं पण पुढे काळा पडदा आणि एकटा बाण, ही सगळी वेगवेगळी दुखणी आहेत. शेवटच्यात बहुतेक वेळा नव्या विंडोजचं जुन्या डिस्प्ले ड्रायव्हरशी जमलेलं नसतं, सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी मोजक्या गोष्टींवर विंडोज चालू करून, ड्रायव्हर काढला की काम होतं. पोटात दुखतंय म्हटल्यावर वैद्य आधी विचारतो, कुठे दुखतं, केव्हापासून, काय खाल्लं होतं. तुम्ही थेट पोट कापायला घेता.

आणि अपग्रेडनंच बिघडवलं असेल तरी? तेव्हाही फॉरमॅट शेवटचा. हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे, मी फक्त मोठ्यानं बोलतो. सलग दोन-तीन वेळा विंडोज सुरू होताना अडखळली की ती स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा उघडते. तिथे स्टार्टअप रिपेअर आहे, शेवटचं अपडेट काढायची सोय आहे, सेफ मोड आहे. अपग्रेड होताना जुनी विंडोज पुसली जात नाही. ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये दहा दिवस पडून असते आणि त्या दहा दिवसांत मागे फिरता येतं. माझ्या बाबतीत तर दोन दिवससुद्धा उलटले नव्हते. बूटची नोंद बिघडली असेल तर कमांडच्या काळ्या खिडकीत ‘बीसीडीबूट’ची एक ओळ ती पुन्हा लिहिते. तिथे सी ड्राइव्ह कधी कधी डी म्हणून दिसतो, तेवढं आधी ‘डिर’, म्हणजे आतली यादी दाखवणारी आज्ञा, मारून पाहायचं. आणि हे सगळं करण्यापूर्वी पेनड्राइव्ह, प्रिंटर, कार्ड रीडर, डोंगल, मागचं-पुढचं सगळं उपसून नुसता की-बोर्ड, माउस आणि मॉनिटर ठेवून एकदा चालू करून बघायचं. यात तुमचे दोन तास जातील.

ते दोन तासच तुम्हाला परवडत नाहीत, हे मला कळतं. माझ्याही धंद्यात हेच आहे. पत्रिकेच्या मजकुरातली चूक शोधायला अर्धा तास लागतो आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. पैसे कागदाचे आणि छपाईचे. फॉरमॅटचा हिशेब सोपा. पाऊण तास, ठरलेले पैसे, गिऱ्हाईक संध्याकाळी येऊन मशीन नेतं आणि ते चालू असतं. निदान करत बसलात तर तीन तास जातात आणि शेवटी सापडतो चाळीस रुपयांचा सेल. त्याचे पाचशे सांगितलेत तर आम्हीच म्हणणार, ‘‘अहो, सेल तर बदललात नुसता!’’ म्हणजे आम्हीच तुम्हाला फॉरमॅट मारायला शिकवलंय. तेव्हा माझ्यापुरतं लिहून देतो : निदानाचे पाचशे घ्या. सातशे घ्या. सेल बदलला असलात तरी घ्या. आम्ही कुरकुर करू, पुणेकर आहोत, पण देऊ.

एका गोष्टीत मात्र कुरकुर नाही, सरळ रागच आहे. पूर्वी हार्ड डिस्कवर चुकून फॉरमॅट मारलं तरी कुठलं तरी सॉफ्टवेअर लावून निम्मंअधिक परत येई, कारण फॉरमॅट म्हणजे नुसती अनुक्रमणिका फाडणं, पानं तशीच. एसएसडीवर तसं नाही. तिथे फॉरमॅटबरोबर ‘ट्रिम’ची आज्ञा जाते आणि डिस्क ती पानं मोकळी करून टाकते. मग परत काही येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांनी चार वर्षं खपून एका संस्कृत ग्रंथाचं भाषांतर केलं होतं. सगळं डेस्कटॉपवर, कारण ‘डोळ्यांसमोर असावं’. लॅपटॉप अडकला. दुकानातल्यानं विचारलं, ‘‘सर, डी ड्राइव्हला काही आहे का?’’ सरांनी सांगितलं, ‘‘डी ड्राइव्हला काही नाही.’’ प्रश्नही खरा, उत्तरही खरं. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो हे त्या दोघांपैकी एकाला माहीत होतं. भाषांतराचे शेवटचे दोन अध्याय माझ्याकडे कंपोजला आलेले होते म्हणून वाचले. बाकीचे सर आता वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा हातानं लिहितायत, आणि या वेळी वहीत.

तेव्हा फॉरमॅट मारायचंच असेल तर आधी डिस्क बाहेर काढा, यूएसबी केसिंगमध्ये घाला आणि ‘यूझर्स’चं अख्खं फोल्डर उतरवून घ्या. डिस्क निघत नसेल तर लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून उतरवा. गिऱ्हाइकाला ‘सी ला काय, डी ला काय’ विचारू नका. त्याला ते माहीत नसतं. त्याला विचारा, ‘काय गेलं तर तुम्हाला रडू येईल?’ ते त्याला बरोबर माहीत असतं. आणि डिस्कच आजारी असेल, जे अपग्रेडनंतर पुष्कळदा उघडं पडतं, कारण जन्मात एवढी लिहा-पूस तिच्यावर झालेली नसते, तर चेकडिस्क (डिस्क तपासणारी विंडोजची आज्ञा) लावून तिला आणखी दमवण्याआधी जे निघतं ते काढून घ्या. आजारी डिस्कवर फॉरमॅट मारून त्याच डिस्कवर विंडोज टाकून देणारेही तुमच्यात आहेत. दोन महिन्यांनी तेच गिऱ्हाईक परत येतं.

माझ्या भाचीचा किस्सा याच्या उलट. तिच्या लॅपटॉपनं अपग्रेडनंतर एके दिवशी निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली. बिटलॉकर. हल्लीच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की डिस्कला हे कुलूप बहुतेक वेळा आपोआप लागतं, मालकाला पत्ताही नसतो. बायोसमध्ये काही हललं की ते किल्ली मागतं. दुकानात सांगितलं, ‘‘व्हायरस आहे, फॉरमॅट.’’ तिनं मला फोन केला, ‘‘मामा, काय करू?’’ मला तरी कुठे माहीत होतं, मी जिन्याखालच्या त्याच गृहस्थांना विचारलं. त्यांनी सांगितलं, मोबाइलवरून तिच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जा, किल्ली तिथे लिहिलेली असेल. होती. तिनं कागदावर आठ रकान्यांत सहा-सहा आकडे मांडून घेतले आणि मोठ्यानं वाचत टाकले. उघडला. (मलाही याचा एक धडा : बायोसमध्ये मी जे ‘एएचसीआय’ केलं ते बिटलॉकर असलेल्या मशीनवर केलं असतं तर त्यानंही किल्ली मागितली असती. आधी किल्ली हाताशी, मग बायोसला हात.)

तुम्ही म्हणाल, एवढा वेळ कोणाला आहे. तर १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटनं मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातली ८५ लाख विंडोज मशीन एका दिवसात बसली. निळा पडदा, पुन्हा सुरू, निळा पडदा, अगदी माझ्यासारखंच. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तेव्हा कोणी विमानतळांचे कॉम्प्युटर फॉरमॅट मारत बसलं नाही. उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून टाकणं. एक फाइल. माणसं एकेका मशीनसमोर बसली, जिथे बिटलॉकर होतं तिथे ४८ आकडे टाकत बसली, आणि फाइल काढली. कारण त्यांना आधी शोधून काढायला लावलं होतं की झालंय काय.

हे आत्ता लिहिण्याचं कारणही आहे. विंडोज १० वर थांबलेल्यांना घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत मिळालेली आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतेय. म्हणजे आज अपग्रेडला घाबरून बसलेली अर्धी पेठ पुढच्या गणपती-दिवाळीच्या मध्ये तुमच्या दारात येणार. पुढल्या वर्षीही दिवाळी अंक त्याच सुमारास. पुढल्या वर्षीही सात-आठ वर्षं जुने डबे, संपत आलेले सेल, दमलेल्या डिस्क. त्यातल्या निम्म्यांना खरोखर अपग्रेडची बाधा असेल, आणि निम्म्यांचा नुसता कावळा बसलेला असेल.

मागणं फार नाही. पडद्यावर पहिली जी ओळ येते ती पुढे जाण्याआधी वाचा, नाहीतर मोबाइलनं तिचा फोटो काढा. बायोसमधली तारीख बघा. पाच सेकंदांचं काम आहे. काही बदलण्याआधी त्या पानाचाही फोटो. पावतीवर ‘ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय फॉरमॅट केले जाणार नाही’ असं छापा, आणि संमती घेताना काय जाणार हे त्याच्या भाषेत सांगा. आणि मशीन बंद करण्याआधी आत एक चिठ्ठी चिकटवा. काय बदललं, काय बदलू नये, तारीख. माझा अंक त्या एका चिठ्ठीवर वाचला. ती लिहिणाऱ्याला २०२२ मध्ये मी त्या कामाचे किती पैसे दिले होते ते आठवत नाही, पण घासाघीस केली होती हे आठवतं, आणि त्याची आता लाज वाटते.

त्या पिवळ्या स्टिकरखाली मी आता माझी चिठ्ठी लावली आहे. ‘सेल बदलला, २०/९/२५.’ सवयीनं ती कंपोज करून, चौकट टाकून, प्रिंट काढून लावली. शेजारच्या दुकानदारानं ती पाहिली आणि त्याच्या डब्यातही एक लावून मागितली.

तुमच्यापैकी ज्यांना अशा चिठ्ठ्यांचे कोरे स्टिकर हवे असतील, वर दुकानाचं नाव, खाली ‘काय केले’, ‘काय बदलू नये’, ‘तारीख’ असे रकाने, त्यांनी मजकूर घेऊन यावं. दुपारनंतर या, सकाळी प्रुफं असतात. कंपोजिंगचे पैसे घेणार नाही. स्टिकरच्या कागदाचे मात्र द्यावे लागतील.

आपला,
नारायण पेठेतला एक डीटीपीवाला
नोव्हेंबर २०२५